मान वळते तिकडे हात

“आता रडेल, तुम्ही दचकू नका,” असं सांगून थेरपिस्ट मॅडम बाळाचं डोकं तळहातावर तोलून धरतात आणि तो तळहात दोन बोटं खाली सोडतात. बाळाचे दोन्ही हात झटक्यात बाजूला फेकले जातात, दहाही बोटं फाकतात, श्वास क्षणभर अडतो. मग तेच हात वळून छातीशी येतात आणि खोली दणाणून जाईल असं रडणं सुरू होतं.

“बघा, अस्संच,” आजी म्हणते. “भांडं पडलं की दचकतंय, दार वाजलं की दचकतंय. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, काही फरक नाही. झोपंत बी हसू ऱ्हायलंय, मंग लगेच रडू ऱ्हायलंय.”

“झोपेतलं हसणं सटवाईचं, ते तिच्याकडेच राहू द्या,” मॅडम म्हणतात. “दचकणं मात्र मला बघू द्या. हे या वयात असायलाच पाहिजे, आजी. दोन्ही हात सारखे उघडले ना? एकच उघडला असता तर खांद्याची नस दुखावली का, हाड मोडलं का, ते बघावं लागलं असतं. दोन्ही उघडले नसते तर काळजी त्याहून मोठी.”

बाळंतिणीचा सव्वा महिना नुकताच उलटला आहे. कानाला फडकं बांधून ती भिंतीला टेकून बसली आहे. गाव गंगापूरकडचं. वजन कमी म्हणून बाळ काही दिवस घाटीत पेटीत होतं. घाटी म्हणजे इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मराठवाड्यात कुणाला त्याचं पूर्ण नाव सांगावं लागत नाही. घरी येणाऱ्या आशाताईंनी ‘एकदा दाखवून घ्या’ म्हटलं, म्हणून आज ही तिघं सिडकोतल्या या तळमजल्यावर आली आहेत.

खोली फार मोठी नाही. जमिनीवर निळ्या रेक्झिनच्या गाद्या, एका भिंतीला खालपासून आरसा, कोपऱ्यात मोठा रबरी चेंडू, वेगवेगळ्या जाडीचे लोड, लाकडी उभं राहायची चौकट. मार्च आहे, कूलर सुरू झालाय. बाहेर पाण्याचा टँकर मागे घेताना त्याचा भोंगा वाजतो आणि मॅटवरचं बाळ पुन्हा दोन्ही हात उघडतं. आता आजी घाबरत नाही. सुनेकडे बघून मान हलवते.

या दचकण्याला डॉक्टर मोरो रिफ्लेक्स म्हणतात. हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली त्याचं वर्णन केलं. ते बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशीवर थापट्या मारत आणि हात कसे उघडतात, कसे मिटतात ते बघत. हात पुन्हा छातीशी येतात ते आईला घट्ट धरण्यासाठी, असं त्यांना वाटलं. चार ते सहा महिन्यांत हे दचकणं ओसरतं. बाळ जन्माला येताना अशा कितीतरी तयार हालचाली घेऊन येतं. गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळतं, ओठांना काही लागलं की चोखणं सुरू होतं, तळहातावर बोट ठेवलं की मूठ आवळते. लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८९१ साली साठेक नवजात बाळांना स्वतःच्या बोटाला किंवा बारीक काठीला लोंबकळू दिलं. दोन बाळं सोडली तर बाकी सगळ्यांनी स्वतःचा पूर्ण भार दहा सेकंद तरी पेलला. हे वाचलं तेव्हा मला त्या बाळांच्या आयांचं काय झालं असेल याचाच विचार आधी आला.

मॅडम बाळाला काखेत धरून उभं करतात. तळवे मॅटला टेकताच एक पाय उचलला जातो, मग दुसरा.

“अगं माय! चालू ऱ्हायलं की!” आजीचा हात तोंडावर जातो.

“हे चालणं जाईल बरं का, आजी. दोनेक महिन्यांत पाय उचलणार नाही. तेव्हा पाय अधू झाले समजून धावत येऊ नका.”

हे पावलं टाकणं का जातं याचं उत्तर वर्षानुवर्षं ‘मेंदू वाढतो म्हणून’ इतकंच दिलं जायचं. अमेरिकेतल्या एस्थर थेलन यांना ते पटलं नाही. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांचे पाय पाण्यात बुडवून त्यांना उभं धरलं. पाण्यात पाय हलके झाले आणि पावलं वाढली. पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली तेव्हा ती कमी झाली. पहिल्या दोन महिन्यांत मांड्या चरबीने भरतात, ताकद मागे राहते, आणि बाळाला आपलाच पाय उचलत नाही. हालचालीला जबाबदार असतो तो फक्त मेंदू नव्हे, हे यातून लख्ख दिसलं. वजन, ताकद, खालची जमीन, समोरची ओढ, सगळंच त्यात असतं. मॅडम बाळंतिणीला सांगतात, “जागं असेल तेव्हा थोडा थोडा वेळ पोटावर पालथं ठेवा, तुम्ही समोर बसा. झोपताना मात्र पाठीवर.” आजी विचारते, पोटावर दूध येणार नाही का वर? “पाजल्यावर लगेच नाही, आजी. जरा वेळाने.”

पुढचं लेकरू आत येतं ते बापाच्या खांद्यावरून. बाप वाळूजच्या कंपनीत आहे, रात्रपाळी करून आलाय. डोळे लाल आहेत, पण बसायला तयार नाही. आई पिशवीतून फाईल काढते. कडा मऊ झालेली, कितीतरी वेळा उघडलेली फाईल. बिडकीनहून आलेत. मुलगा दहा महिन्यांचा.

“जन्मल्यावर रडला नाही,” आई सांगते. हे वाक्य या खोलीत पुन्हा पुन्हा येतं. जन्मवेळ, वजन, टाके, सगळं त्याच्यानंतर. “दुसऱ्या दिवशी झटके आले. पंधरा दिवस पेटीत होता.”

मुलगा पाठीवर आहे. टपोरे डोळे, कपाळाच्या कडेला काजळाची तीट. मॅडम उजवीकडून खुळखुळा वाजवतात. तो उजवीकडे बघतो, आणि बघताक्षणी उजवा हात ताठ लांब होतो, डावा कोपरात दुमडून डोक्यामागे जातो. पाय तसेच, एक सरळ, एक वाकलेला. तो खुळखुळ्याकडे बघतोय, त्याला तो हवाय हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट आहे. हात मात्र तसाच ताणलेला. मॅडम खुळखुळा डावीकडे नेतात. मान वळते आणि सगळं आकृतीसारखं उलटतं.

जगभर या अवस्थेला तलवारबाजाची ढब म्हणतात. मानेच्या वळण्याने हातापायांचा ताण बदलतो हे रुडॉल्फ मॅग्नस आणि आद्रियान द क्लाइन यांनी १९१२ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं. लहान बाळात हे सहज दिसतं आणि सहा महिन्यांच्या आसपास मावळतं. पण अगदी तान्हं बाळही त्यात अडकून पडत नाही. थोडं वळवळतं आणि सुटतं. सुटता न येणं हे कुठल्याही वयात बघण्यासारखं लक्षण असतं. हा मुलगा सुटत नाही.

आई बिस्किटाचा तुकडा त्याच्या उजव्या मुठीत ठेवते. “घरी पण असंच होतं, मॅडम. हातात धरतो. तोंडात घालत नाही. भूक नाही का त्याला?”

मी इतका वेळ वही काढून बसलेय, पण इथे लिहिणं थांबतं. मुलगा बिस्किटाकडे बघतो. बघतो म्हणून हात सरळ होतो. सरळ झाला म्हणून बिस्किट तोंडापासून लांब जातं. लांब गेलं म्हणून तो आणखी निरखून बघतो. भूक आहे, बिस्किट हातात आहे, हातात जोरही आहे. तोंड आणि हात यांच्या मध्ये त्याचीच नजर आडवी येते. हे आईला कोणी दाखवलं नव्हतं. ती दहा महिने ‘याला भूक नाही’ असं सासरी ऐकत आली आहे.

मॅडम तिला दाखवतात. मुलाला कुशीवर वळवतात, पाठीमागे लोड लावतात, डोक्याखाली टॉवेलची घडी. आता खालचा हात आणि वरचा हात दोन्ही छातीसमोर येतात, कारण मान वळायला जागाच उरत नाही, आणि हात जमिनीच्या ओढीने आपोआप मधे येतात. मॅडम त्याच्या दोन्ही मुठींच्या मधोमध स्टीलची लहान वाटी ठेवतात. वाटी वाजते. तो बघतो. या वेळी हात ताठ होत नाहीत. एक मूठ वाटीवर घासते, पुन्हा घासते. अंगठा मुठीच्या आत आहे. मॅडम तळहाताच्या कडेवरून करंगळीकडून हलकेच चोळतात, तशी मूठ थोडी सैल होते.

“बोटं ओढून उघडू नका, ताई. ओढलं की आणखी आवळतो. त्याला वाटी वाजवायची असेल तर तो स्वतः उघडेल.”

प्रतिक्षिप्त क्रिया पुसली जात नसते. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग यांच्यात ती बसलेली असते. वरचा मेंदू वाढतो, त्याच्यापासून निघणाऱ्या तंतूंवर आवरण चढतं, आणि तो हळूहळू कारभार हातात घेतो. मग जुना कारभारी ओसरीवर जाऊन बसतो. पुढे म्हातारपणी पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशाने वरचा मेंदू खिळखिळा झाला, तर तो उठून पुन्हा आत येतो. आवळणारी मूठ, चोखणारे ओठ परत दिसू लागतात. या मुलाच्या बाबतीत जन्मावेळी प्राणवायू कमी पडला आणि नव्या मालकाला जिथे बसायचं ती जागाच दुखावली. म्हणून जुन्याला हाकलून देण्याचा इथे काही उपयोग नाही. दाबून, ताणून, मान सरळ बांधून हे जात नाही. मुलाला स्वतःहून काही करावंसं वाटावं, आणि ते करणं त्याला जमेल अशी कूस, असा आधार, असा वेळ त्याला मिळावा, मग वरचा मेंदू जितका शाबूत असेल तितका कामाला लागतो. या खोलीत जे चालतं ते एवढंच, आणि ते फार अवघड आहे.

“घरी झोळी आहे का?” मॅडम विचारतात.

आहे. साडीची. आई जरा संकोचते, वाईट असते का झोळी?

“दिवसभर लेकरू त्यात टाकून ठेवणं वाईट. पण जागा असताना, तुम्ही समोर बसून, थोडा वेळ झोळीत ठेवा. पाठ गोल होते, खांदे पुढे येतात, हात मध्ये येतात. तेव्हा हातात काही द्या. झोपला की काढून घ्या.”

बाप पहिल्यांदा बोलतो. “चालंल ना, मॅडम?”

मॅडमना याचं उत्तर चटकन देता येत नाही आणि त्या देत नाहीत. ‘बसायला कधी लागतो ते आधी बघू’ म्हणतात. फाईलमध्ये विकासाच्या चाचणीचा कागद आहे. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळं तपासून बांधलेली ही मोजपट्टी, तिच्यात हालचालींच्या ६७ बाबी आहेत आणि बुद्धीच्या १६३. बुद्धीच्या बाजूला बरोबरच्या खुणा हालचालींपेक्षा पुष्कळ जास्त आहेत, हे मॅडम बोट ठेवून दाखवतात. आवाज ओळखतो. लपवलेली वस्तू शोधायला बघतो. आईला हे माहीत होतं, ती मान डोलावते. बाप कागद हातात घेऊन बराच वेळ बघतो.

अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत पालघरमधून सुरू झाला. शून्य ते अठरा वर्षं वयाच्या मुलांतले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवणं हे त्याचं काम. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला होता. पेटीतून बाहेर आलेल्या मुलाला वर्षानुवर्षं कोणीतरी बघत राहावं लागतं, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे. तरी दहाव्या महिन्यापर्यंत या आईला नजर आणि हात यांचं नातं कोणी सांगितलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो येऊ द्यावा असंच वाटतं.

दारातून एक आठ वर्षांचा मुलगा डोकावतो. वडील त्याला पुढे ढकलतात. त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ थांबवून ठेवलेला आहे.

“याचं अक्षर वाईट आहे. वाचताना ओळी गाळतो. यात म्हणतात की लहानपणचे रिफ्लेक्स राहिले असतील तर असं होतं. सहा महिन्यांचा कोर्स आहे, ऑनलाइन. घेऊ का?”

मॅडम मुलाला घोडा व्हायला सांगतात. तो आनंदाने होतो. डोकं उजवीकडे वळवल्यावर डावा कोपर किंचित वाकतो. डावीकडे वळवल्यावर उजवा जवळपास नाहीच.

“बघितलंत? थोडं आहे,” वडील लगेच म्हणतात.

“थोडं बऱ्याच धडधाकट मुलांत असतं, दादा. म्हणून अक्षर वाईट, असं मी म्हणणार नाही.”

त्या खाली बसून सविस्तर सांगतात, आणि मी त्यात माझी थोडी भर घालून लिहितेय. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर आयर्लंडमधला एक अभ्यास छापून आला. वाचनात अडचण असलेली आठ ते अकरा वर्षांची ६० मुलं, त्यातल्या एका गटाने बाळाच्या हालचालींसारख्या हालचाली रोज केल्या. त्या गटात मानेचा तो रिफ्लेक्स कमी झाला आणि वाचन सुधारलं. अभ्यास नीट रचलेला होता, पण लहान होता, आणि त्याच्या जोरावर उभा राहिलेला बाजार मात्र मोठा आहे. त्याआधी अमेरिकेत मुलांना रांगण्याच्या ठरावीक हालचाली तासन्‌तास करायला लावणारी एक पद्धत फार गाजली होती. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ साली आणि पुन्हा १९९९ साली तिच्या दाव्यांना आधार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यात पैसा जात होता तो एक भाग. घरातली सगळी माणसं त्या वेळापत्रकाला जुंपली जात आणि मूल सुधारलं नाही की स्वतःला दोष देत, ते जास्त वाईट होतं. बिडकीनच्या मुलाच्या अंगात रिफ्लेक्स अडसर आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. या आठ वर्षांच्या मुलाच्या कोपरातून त्याचं अक्षर वाचता येत नाही. दोघांना एकच शब्द लावून विकणं मला मंजूर नाही.

“डोळे कधी तपासलेत?”

नाही तपासले.

“आधी ते. मग वाचनातली अडचण बघणारं कोणीतरी गाठू. आणि याला संध्याकाळी खाली खेळायला सोडता का?”

वडील मुलाकडे बघतात. मुलगा नाही म्हणून मान हलवतो. “क्लास असतो,” तो सांगतो.

पुढची मंडळी शहागंजहून आली आहेत. अकरा महिन्यांची मुलगी, तिची आई आणि फुप्पी, म्हणजे आत्या. मुलगी रांगत नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत खोलीभर फिरते, आणि कोणाच्याही आधी वाटी पळवते. फुप्पीने सिटी चौकातून वॉकर आणायचं ठरवलंय. “चलना तो सीख जाएगी ना, मॅडम?”

मॅडम हिंदीत सांगतात की वॉकर नको. त्यात मूल बसलेलं असतं, पायाच्या बोटांनी ढकलतं, भार पेलायला शिकत नाही, आणि पायरीवरून गेलं की थेट डोक्यावर पडतं. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा जुना पांगुळगाडा मला यापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो. त्यात बसता येत नाही. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं, आणि सोडला की थांबतो.

“पर ये रेंगती नहीं,” आई म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींच्या कालमर्यादा छापल्या, त्यात दिल्लीची मुलंही होती. हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. आणि शंभरातली चारेक निरोगी मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. मॅडम आकडे सांगत नाहीत, ‘अजून वेळ आहे, जमिनीवर राहू द्या’ म्हणतात, आणि मुलीला कमरेला धरून हवेत उचलतात.

“आता हे बघा.”

त्या मुलीला आडवी, पालथी धरतात आणि एकदम मॅटकडे झुकवतात. जमीन चेहऱ्याकडे येताच तिचे दोन्ही हात सपकन पुढे येतात, तळवे उघडे, बोटं फाकलेली. टेकते. खिदळते. मॅडम पुन्हा उचलतात. पुन्हा दोन्ही हात, सारखे, एकाच वेळी. ही हालचाल जन्मतः नसते. आठव्या-नवव्या महिन्यात येते, आणि आली की राहते. पायरीवर पाय घसरला की आपलेही हात असेच आधी पुढे जातात.

“दोन्ही हाथ बराबर आए,” मॅडम आईला म्हणतात. “फिकर मत करो. एक महिने बाद दिखाना.”

फुप्पी विचारते, मग वॉकरचे पैसे वाचले त्यात काय घेऊ? मॅडम म्हणतात, चटई घ्या, मोठी. मुलगी त्यांच्या ओढणीचं टोक धरून ‘आ, आ’ करत हात वर करते. तिला पुन्हा पडायचंय. मॅडम घड्याळ बघतात, बाहेरच्या बाकावर अजून तीन लेकरं आहेत, आणि तरी तिला कमरेला धरून उचलतात.